सातवी खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे, आणि खरं सांगायचं तर मला माझी गोष्ट सांगायची लाज वाटते. इतर वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी माणसांच्या नावानं बोटं मोडतात. वापरलं आणि टाकून दिलं म्हणतात. माझं तसं नाही. मला सगळ्यांनी चांगलंच वागवलं. वाईट वागले ते मी. त्यामुळे दया वगैरे दाखवू नका, नुसतं ऐका.

मूळची मी एका मोठ्या खोक्याचं झाकण. परदेशातून कसलंसं यंत्र घालून ते खोकं अंबरनाथच्या एका कारखान्यात आलं. यंत्र आत गेलं, खोकं भंगारात गेलं. तिथून मी उल्हासनगर कॅम्प एकमधल्या लछमनदासच्या लाकडाच्या दुकानात येऊन पडले. १९८४ सालच्या डिसेंबरात एक उंच, ताठ माणूस दुकानात आला. त्यानं माझ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावून ऐकलं.

"ले जाव, शंकरराव," लछमनदास म्हणाला. "विलायती लाकूड आहे साईं, वाळवी बघणार पण नाही."

शंकररावांनी मला सायकलला बांधून मोरिवलीला आणलं. रंधा मारला, पॉलिश केलं आणि माझ्या अंगावर एकाखाली एक अशा सात खुंट्या ठोकल्या. मग घराच्या ओटीवर, सगळ्या चाळीला दिसेल अशा जागी मला टांगलं. मित्रांनो, त्या दिवशी मी किती फुगले होते म्हणून सांगू.

आता या खुंट्या कशासाठी ते सांगते. आमची चाळ बेचाळीस खोल्यांची. मागं कारखान्यांची भिंत, बाजूला नाला. त्याच महिन्यात भोपाळची बातमी आली होती. एका रात्रीत वायूनं केवढी माणसं मारली, ते रेडिओवर ऐकून चाळीचं धाबं दणाणलं होतं. कारखान्यातून जरा वास आला की बाया पोरांना उचलून रस्त्यावर पळायच्या. कुणी या बाजूला, कुणी त्या बाजूला. दोन वेळा तर नुसत्या वासावरून धावपळ होऊन म्हाताऱ्यांचे गुडघे फुटले.

शंकरराव फौजेत कारकून होते. तरुणपणी ते निळ्या टोपीच्या शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत जाऊन आले होते. तिथं तंबूत बसून ते अहवाल टाइप करायचे आणि ते अहवाल न्यूयॉर्कला सगळ्या देशांच्या सुरक्षा परिषदेपुढं जायचे. परिषद त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण तिचं काम कसं चालतं ते त्यांना तोंडपाठ होतं. ओटीवर चाळकऱ्यांना जमवून ते म्हणाले, "तिथं पाच सभासद कायमचे असतात. बाकीचे पाळीपाळीनं येतात. ठरावीक मुदतीनं आढावा घेतात. काय झालं, काय राहिलं, आणि आता आधी काय करायचं. भांडतात, पण भांडणसुद्धा नियमानं करतात. आपण तसंच करू. घाबरून पळण्यापेक्षा बरं."

चाळीला पटलं. पहिल्या बैठकीला जे पाच जण वेळेवर आले ते कायमचे सभासद झाले. त्यात शंकरराव स्वतः होते, कोपऱ्यावर किराणा दुकान चालवणारे दौलतराव होते आणि कारखान्यात ऑपरेटर असलेला रामभाऊ होता. आणखी दोन जागा सहा-सहा महिन्यांसाठी चिठ्ठी टाकून भरायच्या. पाचांपैकी कुणीही तळहात वर केला की तो विषय त्या महिन्यात पुढं सरकायचा नाही. त्या दोघांना मात्र तळहात वर करायचा अधिकार नव्हता. तिकडेही तसंच असतं, असं शंकरराव सांगायचे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आढावा व्हायचा. प्रत्येक कामाची पत्र्याची एक छोटी पाटी. सगळ्यात निकडीचं काम पहिल्या खुंटीवर, त्याच्याहून कमी दुसऱ्या खुंटीवर, असं खाली सातपर्यंत. काम झालं की पाटीला लाल दोरा बांधून ती एका डब्यात ठेवायची. तो डबा पूर्ण झालेल्या कामांचा.

आणि कामं होत होती बरं का. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूवर फडकं बांधलं गेलं. प्रत्येक खोलीच्या दाराशी पाण्याची बादली आणि ओला करायला फडकं आलं. मोठी पितळी थाळी वाजली की कुणी म्हातारं उचलायचं, कुणी चुली विझवायच्या, कुठल्या रस्त्यानं चढाकडं जायचं, सगळं ठरलं. तालीम व्हायची तेव्हा शंकरराव घड्याळ धरून उभे राहायचे. आधी अकरा मिनिटं लागायची. मग आठ, मग पाच. सुरक्षा सप्ताहात साहेब लोक मला बघायला आले. बदलापूरच्या एका शाळेची मुलं आली आणि वहीत माझं चित्र काढून गेली. मी मनात म्हणायचे, बाई गं, कुठं ते भंगार आणि कुठं हा मान.

नाल्याच्या पलीकडे सात-आठ झोपड्या होत्या. बारवी आणि वांगणीकडच्या पाड्यांवरची ठाकर माणसं ठेकेदारानं कामाला आणलेली. मधे भिंत आणि भिंतीला लोखंडी गेट. दौलतरावांच्या दुकानातून दोनदा तेलाचे डबे गेले, तेव्हापासून दुपारी ते गेटला कुलूप लावायचे. डबे कुणी नेले ते कधी कळलं नाही. पण कुलूप राहिलं.

चिठ्ठ्यांत शंकररावांनी पलीकडची नावंही टाकली होती, आणि ८६ साली पाळीच्या जागेवर तिथल्या नवसीची चिठ्ठी निघाली. नवरा चांगो आणि ती दोघंही बांधकामावर जायची. पोरगी बाळी तेव्हा पाच वर्षांची असेल. नवसी ओटीवर खाली बसली. शंकररावांनी खुर्ची दिली तरी बसली नाही. तिची पाळी आल्यावर ती एवढंच बोलली, "तुमची थाळी वाजते ती आमाला आयकू येत नाय. तिकडं मशिनीचा आवाज लय. वायू आला तं आमाला कोन सांगंल?"

विषय खरा होता. शंकररावांनी लगेच पाटी लिहिली: नाल्यापलीकडे निरोप. आणि म्हणाले, "ही वरच घेतली पाहिजे."

दौलतरावांनी तळहात वर केला. "निरोप द्यायचा म्हणजे गेट उघडं ठेवायचं. माझं दुकान तिथंच आहे. आत्ता नको."

पुढच्या महिन्यात रामभाऊनं हात वर केला. "ती झोपडपट्टी कंपनीच्या जागेवर आहे. आपण त्यांना यादीत घेतलं तर कंपनी म्हणेल, हा रामभाऊ त्यांना बसवतोय. माझी नोकरी आहे तिथं. फोकटचा पंगा नको."

अशी ती पाटी सातव्या खुंटीवर गेली आणि तिथंच राहिली. दर आढाव्यात तिच्या वर काहीतरी यायचंच. कधी नवा नळ, कधी जिन्याचा कठडा, कधी संक्रांतीच्या पतंगांनी फाटलेलं वाऱ्याचं फडकं. नवसीची मुदत संपली. दुसऱ्या कुणाची चिठ्ठी निघाली. पुढं कधी ती रस्त्यानं जाताना ओटीसमोर थांबायची आणि मान वर करून माझ्या तळाशी बघायची. वाचता येत नव्हतं तिला, पण आपली पाटी कोणती ते ठाऊक होतं.

आता माझी चूक सांगते, मित्रांनो. मला त्या पाटीचा राग यायचा. तिचं भोक जरा कडेला पडलं होतं, त्यामुळे ती वाकडी लटकायची. साहेब लोक फोटो काढायचे तेव्हा माझ्या सगळ्या पाट्या सरळ आणि ती एक तिरकी. वारा आला की भिंतीवर आपटून खडखडायची. मला वाटायचं, कधी एकदा ही जाते. तीन वर्षं मी तेवढंच म्हणत होते.

आणि ती गेली. ८९ सालच्या एका आढाव्यात शंकररावांनी तोडगा काढला. गेटचं नको, यादीचं नको, आपण कंपनीला पत्र लिहू की पलीकडच्या बाजूला एक भोंगा बसवा. कुणाचाच हात वर झाला नाही. पत्र गेलं. दीड महिन्यानं उत्तर आलं, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. पुढच्या बैठकीत शंकररावांनी अहवाल वाचला: पत्र पाठवले, उत्तर मिळाले, कार्यवाही पूर्ण. लाल दोरा बांधला आणि पाटी डब्यात टाकली. फौजेच्या कचेरीत तीच रीत होती म्हणे. कागद निघाला, पोच मिळाली, फाईल बंद.

भोंगा बसला का, ते कुणी बघायला गेलं नाही. आणि मला? मला त्या दिवशी कसं सुटसुटीत वाटलं. आज ते आठवलं की आतून पोखरल्यासारखं होतं.

९१ सालच्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला कारखान्यात कसलासा पाइप फुटला. पिवळट धूर कारखान्याच्या भिंतीवरून खाली आला. बांबूवरचं फडकं आमच्या चाळीकडे वळलं. शंकररावांची बायको भिमाबाई धुणं टाकून धावली आणि थाळी बडवायला लागली. मग जे झालं ते मी डोळे भरून पाहिलं. बेचाळीस दारं उघडली. ओली फडकी तोंडाला लागली. म्हातारी माणसं पाठीवर, तान्ही कडेला. धक्काबुक्की नाही की रडारड नाही. चार मिनिटांत चाळ रिकामी झाली. कामावरून धावत आलेले शंकरराव चढावर उभे राहून डोकी मोजत होते.

ओटीवर मी एकटी राहिले. मला पाय नाहीत.

तुम्हाला माहीत असेल, काही वायू हवेपेक्षा जड असतात. ते सखल जागा धरतात. धूर आमच्या अंगणातून घरंगळत नाल्यात उतरला आणि पलीकडे झोपड्यांत शिरला. मोठी माणसं कामावर होती. दोन पोरं आणि एक म्हातारा नाल्याच्या कडेनं वर पळाले. बाळी तेवढी चाळीकडे आली. माणसं जिकडे असतात तिकडे पोर धावणार, दुसरं काय. दहा वर्षांची पोर. तिनं गेट धरलं. कुलूप होतं. तिनं गजांतून हात बाहेर काढले आणि गेट हलवायला लागली. आधी ती हाका मारत होती. मग नुसतं खोकत होती. मग गेट धरूनच खाली बसली.

हे सगळं मी समोरून पाहिलं. माझ्या सहा खुंट्यांवर सहा पाट्या सरळ लटकत होत्या.

वर चढावर काय झालं ते मला नंतर बैठकीत कळलं. कामावर आणि शाळेत गेलेली धरून शंकररावांची मोजणी जुळली. एकशे त्रेसष्टपैकी एकशे त्रेसष्ट. त्यांचा चेहरा उजळला. तेवढ्यात भिमाबाईनं विचारलं, "नवसीकडं कोण गेलं?" ते काम कुणाच्या वाटणीला दिलेलंच नव्हतं. भिमाबाईनं ओला पदर तोंडाला गुंडाळला आणि ती एकटी परत खाली आली. मी तिला येताना पाहिलं. घरात शिरून तिनं दगडी वरवंटा उचलला आणि गेटच्या कुलपावर घातला. चार घावांत कुलूप तुटलं. बाळीला खांद्यावर टाकून ती चढ चढली.

बाळी वाचली. सरकारी दवाखान्यात सतरा दिवस होती. पण तिची छाती कायमची अधू झाली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आढावा होता. ओटी भरून माणसं आली होती. शंकररावांनी चष्मा लावला आणि अहवाल वाचायला घेतला. "वेळ चार मिनिटं. एकशे त्रेसष्टपैकी एकशे त्रेसष्ट सुखरूप." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण कागदावर होतं ते त्यांनी वाचलं.

पायरीशी नवसी उभी होती. ती म्हणाली, "त्यात माझी बाळी हय का?"

शंकरराव कागदाकडे बघत राहिले. "नाही," ते म्हणाले. "ती यादीत नव्हती."

"माझी पाटी व्हती ना हितं. खालच्या खुंटीवर. ती कुटं गेली?"

शंकररावांनी डबा उघडला. पाटी शोधायला त्यांना वेळ लागला. लाल दोऱ्यासकट ती पाटी त्यांनी नवसीच्या हातात दिली.

"लाल दोरा काम झाल्यावर बांधता ना? मंग ह्ये काम कंदी झालं?"

"पत्र पाठवलं होतं, नवसीबाई. उत्तर आलं होतं."

"मला नाय कुनी सांगितलं," नवसी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला वाटलं, पाटी दिसत नाय म्हंजे सोय झाली असंल. म्हनून मी पोरीला घरी ठेवून कामाला जात व्हते."

मित्रांनो, ते ऐकलं आणि मला खिळ्यावरून निसटून खाली पडावंसं वाटलं. त्या बाईनं माझ्यावर भरवसा ठेवला होता. माझ्या रिकाम्या खुंटीकडे बघून तिनं पोरगी मागे ठेवली होती.

दौलतराव मान खाली घालून बसले होते. रामभाऊ पुटपुटला, "आपण मुद्दाम तर नाही ना केलं..."

बैठकीत भिमाबाई कधी बोलत नसे, चहा देऊन आत जायची. त्या दिवशी ती दारातच उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "गावाला आपली पाळी कितवी असायची, आठवतंय का? पाण्याला शेवटी, पंगतीला शेवटी. त्याच्यासाठीच ना आपल्या बापजाद्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली? आणि तुम्ही सात खुंट्या ठोकल्या, तर सातवी कुणाला दिलीत?"

एवढा फौजी माणूस, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तिकडे आफ्रिकेत आढाव्याच्या आधी निरीक्षक जागेवर जायचा. चिखल तुडवत जायचा, आपल्या डोळ्यांनी बघून यायचा, त्याच्यावर मी टाइप करायचो. मी पाच जागा आणल्या, तळहात आणला, पाट्या आणल्या. ते जाणं तेवढं आणलं नाही. इथून नवसीबाईचं घर नव्वद पावलं आहे. पाच वर्षांत मी एकदाही गेलो नाही."

त्यांनी अहवालाचा कागद फाडला नाही. त्याच्यावर पेनानं एकशे त्रेसष्ट खोडून एकशे ब्याण्णव लिहिलं. पलीकडची एकोणतीस माणसं नवसीनं एकेकाचं नाव घेऊन मोजून दिली. सुखरूप या शब्दापुढं त्यांनी लिहिलं, "नाही. चूक आमची." खाली सही केली. दौलतरावांनी सही केली. रामभाऊ थोडा थांबला, मग त्यानंही केली. तो कागद कारखान्यालाही गेला आणि सरकारी कचेरीतही गेला. या वेळी पोच मिळाल्यावर कुणी दोरा बांधला नाही. दुसऱ्याच दिवशी दौलतरावांनी आपल्या हातानं गेटच्या बिजागऱ्या काढल्या. पलीकडे भोंगा बसायला मात्र आणखी दोन वर्षं गेली.

तुम्हाला वाटेल, झालं, सगळं गोड झालं. नाही झालं. महिन्याभरानं शंकररावांनी मला भिंतीवरून उतरवलं, पुसलं आणि पाठीवर घेऊन ते नवसीच्या दारात गेले. म्हणाले, "आता ही फळी तुमच्या घरी राहू द्या. पाटी कुठली वर, कुठली खाली, ते तुम्ही ठरवा. बैठक इथंच घेऊ."

बाळी दारात बसली होती. एक वाक्य बोलायला तिला दोनदा थांबावं लागायचं. नवसीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, खुंट्यांवरून खालपर्यंत नजर फिरवली.

"फळी नको," ती म्हणाली. "ती माझ्या भिताडावर नको. तुमी येत जा."

एवढंच. राग नव्हता, पण मायाही नव्हती. शंकररावांनी मान हलवली. मला परत ओटीवर टांगायला त्यांचं मन होईना, म्हणून त्यांनी मला झोपडीच्या बाहेर कुडाला टेकवून ठेवलं. पाऊस, ऊन, कोंबड्या, सगळं अंगावर घेत मी आज आठ वर्षं तिथंच आहे. लछमनदास म्हणाला होता वाळवी बघणार नाही, पण वाळवीनं खालची कड खायला घेतली आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही.

शंकरराव मात्र येतात. दर रविवारी सकाळी नव्वद पावलं चालून येतात. आता काठी टेकत येतात. पहिली दोन वर्षं नवसीनं त्यांना बसा म्हटलं नाही. ते उभ्याउभ्याच विचारायचे, "थाळीचा आवाज आला का? पाणी कसं आहे? पोरीचं औषध आणलं का?" तिसऱ्या वर्षी बाळीनं आतून चटई आणून टाकली. ते बसले.

बाळी आता अठरा वर्षांची आहे. महाशिवरात्रीला ती मैत्रिणींबरोबर शिवमंदिराला जाते तेव्हा वाटेत तिला तीन-चार ठिकाणी थांबावं लागतं. मैत्रिणी पुढं जातात आणि वळून तिची वाट बघतात. ती घराबाहेर पडताना माझ्या अंगावर हात टेकून क्षणभर श्वास घेते. तिला ठाऊक नाही मी कोण ते. तिच्या लेखी मी दारातला एक टेकू आहे.

मित्रांनो, तुम्हीही याद्या कराल. वर्गात कराल, सोसायटीत कराल, उद्या मोठ्या खुर्च्यांवर बसून देशांच्या कराल. जरूर करा, यादीशिवाय काम होत नाही. पण कागदावर पूर्ण लिहायच्या आधी, ज्याचं नाव सगळ्यात खाली आहे त्याच्या दारापर्यंत एकदा चालत जा आणि त्याला विचारा, झालं का. तो हो म्हणाला तरच लिहा. माझ्यासारख्या फळीच्या भरवशावर कुणाचं लेकरू ठेवू नका. मला तर बाळीनं टेकवलेला हातसुद्धा सोसत नाही, आणि ती रोज टेकवते.